मुखवटा आणि मर्दुमकी

धैर्याचे माप काढण्याचे काम या जगात बहुधा खुर्चीत बसलेल्यांकडे असते. मैदानातल्या माणसाला तेवढी सवड नसते. चेंडू अंगावर येत असताना आपण शूर आहो की भित्रे, याचा निवाडा करीत कोण बसणार? तो निवाडा मागाहून होतो, हातात चहाचा पेला घेऊन होतो, आणि करणाऱ्याच्या अंगाला साधे खरचटलेलेही नसते. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," हे त्या निवाड्याचे ठरीव वाक्य. त्या वाक्याशी मला आज, ऐन सणासुदीच्या दिवसांत, भांडायचे आहे. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला सारू नये. चकली खाता खाता वाचता येईल असेच हे भांडण आहे.

निमित्त घरातलेच घडले. माझी एक पुतणी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात असते. तिची अकरा वर्षांची मुलगी तिकडे बर्फावरची हॉकी खेळते, आणि तीही गोलरक्षक म्हणून. तिचा पूर्ण पोशाखातला फोटो मध्यंतरी आमच्याकडे सगळ्यांच्या हातांतून फिरला. पायांना गुडघ्यांच्या वर जाणारे रुंद पॅड, छातीवर कवच, एका हातात भला थोरला मोजा, दुसऱ्या हातावर फळीसारखी ढाल, आणि तोंडावर पिंजरा. आमचे मेहुणे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अहो, एवढ्या गाद्या बांधल्या तर आमचं मांजरसुद्धा गोल अडवील! यात पोरीचं कर्तृत्व ते काय?" सगळे हसले.

मेहुण्यांविषयी मला आदर आहे. पण हे वाक्य त्यांचे एकट्याचे नाही. त्या खेळात ते गेली शंभर वर्षे निरनिराळ्या तोंडांनी बोलले गेले आहे, आणि त्याची किंमत कुणी दातांनी, कुणी नाकाने, तर एकाने डोळ्याने मोजली आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

प्रथम त्या मांजरापुढे काय येते ते पाहू. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो. 'पक' नावाची टणक रबराची चकती असते. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन साडेपाच ते सहा औंस. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात, म्हणजे उरलासुरला मऊपणाही जातो. पट्टीच्या खेळाडूने काठी मागे नेऊन सणसणीत फटका मारला की ही चकती ताशी शंभर मैलांच्या वेगाने सुटू शकते. २०१२ साली झ्देनो चारा नावाच्या धिप्पाड खेळाडूने एका कौशल्य-स्पर्धेत ताशी १०८.८ मैलांचा फटका मारून दाखवला. शंभर मैलांच्या वेगाने तीस फुटांवरून निघालेली चकती सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात येऊन आदळते. मध्ये चारदोन माणसे आडवी आलेली असतात. ती कुठून सुटली हेही पुष्कळदा दिसत नाही. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. मेहुण्यांच्या मांजराला माझ्या शुभेच्छा!

आता या पोशाखाचा इतिहास ऐका; त्याचा उगम आपल्या ओळखीच्या ठिकाणी आहे. १८९६ सालच्या फेब्रुवारीत विनिपेगचा व्हिक्टोरियाज संघ स्टॅन्ली चषकासाठी माँट्रियलला जाऊन खेळला. त्याचा गोलरक्षक मेरिट पायांना चक्क क्रिकेटचे पॅड बांधून बर्फावर उतरला. सामना विनिपेगने २-० असा जिंकला, आणि पॅड त्या खेळात रुजले. पण क्रिकेटचे पॅड अरुंद. त्यांच्या कडेवर आपटून चकती भलतीकडे उडे, कधी गोलातच जाई. हॅमिल्टन गावात एमिल केनेस्की नावाचा घोड्यांचे साज शिवणारा कारागीर होता. त्याने १९२४ च्या सुमारास हेच पॅड बारा इंच रुंद केले, कडा वळवल्या, आणि चामड्याच्या खोळीत हरणाचे केस व सावरीचा कापूस ठासून भरला. पुढची पन्नासएक वर्षे बड्या बड्या गोलरक्षकांच्या पायांवर त्याच्याच दुकानाची शिवण होती. हे पॅड बर्फाचे पाणी पिऊन सामना संपेपर्यंत जड होत. पण पाय शाबूत राहत.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पायांना पॅड बांधले म्हणून कुणी गोलरक्षकाला भित्रा म्हटले नाही. हाताला मोजा घातला म्हणूनही म्हटले नाही. नडगी राखणे हा शहाणपणा ठरला. तोंड राखणे मात्र नामर्दपणा! नडगीपेक्षा नाक स्वस्त असते काय? डोळ्याला गुडघ्याइतकीही प्रतिष्ठा नाही काय? या तर्काची संगती मला आजवर कुणी लावून दिलेली नाही.

तोंड राखायचा पहिला शहाणपणा दाखवला तो एका मुलीने. १९२७ साली किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाच्या संघात एलिझाबेथ ग्रॅहम नावाची गोलरक्षक होती. तिने तलवारबाजीतला जाळीचा मुखवटा तोंडावर चढवला. नुकतेच दुरुस्त केलेले दात वाचावेत म्हणून, असे सांगतात. कारण एवढे साधे! त्यात मर्दुमकीचा प्रश्नच आला नाही, म्हणून उत्तरही झटकन सापडले. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, माँट्रियल मरून्सचा क्लिंट बेनेडिक्ट हाउई मोरेन्झच्या फटक्याने घायाळ झाला आणि चामड्याचा मुखवटा लावून परतला. त्याच्या नाकावरच्या जाड पट्टीमुळे खालची चकती दिसेना, म्हणून थोड्याच सामन्यांनी त्याने तो टाकला. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जपानचा तेइजी होन्मा जाळीचा मुखवटा घालून खेळला. म्हणजे कल्पना होती, माणसे होती, नमुने होते. बेनेडिक्टच्या मुखवट्यात दोष होता, तर तो सुधारायचा होता. पण सुधारायचा कोण? ज्यांच्या हाती संघ होते त्यांना त्याची निकडच वाटत नव्हती, कारण टाके त्यांना पडत नव्हते. ज्याचे जळते त्यालाच कळते!

मग आला १ नोव्हेंबर १९५९. आपल्याकडे दिवाळीचेच दिवस होते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये माँट्रियल कनेडियन्सचा जाक प्लांट गोलात उभा होता. अँडी बाथगेटचा फटका थेट त्याच्या तोंडावर बसला. नाकापासून ओठापर्यंत फाटले. त्याला आत नेऊन टाके घातले. त्या काळी संघाबरोबर दुसरा गोलरक्षक बाळगण्याची चाल नव्हती. टाके घालून त्याच माणसाने परत उभे राहायचे. प्लांटजवळ बिल बर्चमोर याने त्याच्या चेहऱ्यावरून साचा घेऊन घडवलेला फायबरग्लासचा मुखवटा होता. सरावात तो वापरायला प्रशिक्षक टो ब्लेक यांची हरकत नव्हती. सामन्यात मात्र ते परवानगी देत नव्हते. त्या रात्री प्लांटने सरळ सांगितले, मुखवट्याशिवाय मी बर्फावर येणार नाही. ब्लेक यांचा नाइलाज झाला. माँट्रियलने सामना ३-१ असा जिंकला.

टीकाकार गप्प बसले असे समजू नका. मुखवट्याआडून पायाजवळची चकती दिसायची नाही, म्हणाले. भीती गेली की सावधपणा जातो, म्हणाले. आणि उरलेले सगळे त्या एकाच शब्दात आले: भित्रा! पहिल्या आक्षेपाला पुढच्या विजयांनी उत्तर दिले. ८ मार्च १९६० ला ब्लेक यांच्या आग्रहावरून प्लांट डेट्रॉइटविरुद्ध उघड्या तोंडाने खेळला आणि संघ ३-० असा हरला. पुढल्या सामन्याला मुखवटा परत चढला, तो कायमचा. त्याच मोसमात माँट्रियलने सलग पाचव्यांदा स्टॅन्ली चषक जिंकला. दुसऱ्या आक्षेपाविषयी मी एवढेच म्हणेन की, भीतीने सावधपणा वाढत असता तर परीक्षेच्या दालनात सगळीच मुले पहिली आली असती.

आणि तिसरा आक्षेप? त्याला उत्तर द्यायला मला कॅनडात जाण्याचे कारण नाही. या दिवसांत आपल्या अंगणात पोरे मातीचा किल्ला करतात आणि वर शिवाजी महाराजांना बसवतात ना? त्या पोरांनाच विचारा. १६५९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे प्लांटच्या त्या रात्रीच्या बरोबर तीनशे वर्षे आधी, महाराज प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटायला निघाले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप होता. खानाचा वार चिलखतावर गेला. आजवर एकाही मराठी माणसाने त्या चिलखताला भ्याडपणा म्हटलेले नाही. उलट ते महाराजांच्या सावधपणाचे कौतुक म्हणून आपण मुलांना सांगतो. मग तोच न्याय एका गोलरक्षकाला लावताना आपली जीभ का अडखळते? भ्याड माणूस चिलखत घालून शामियान्यात जात नाही. तो जातच नाही. गोलाच्या तोंडाशी उभे राहणे हे धैर्य. मुखवटा ही त्यानंतरची व्यवस्था.

दुसरा दाखला अधिक जवळचा आणि कडवट आहे. मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाऊनला बार्बाडोसविरुद्ध खेळताना आपला कर्णधार नरी काँट्रॅक्टर याच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. कवटी फुटली. जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. प्रतिपक्षाचा फ्रँक वॉरेल, आपले बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. माणूस वाचला, पण पुन्हा कसोटी सामना खेळला नाही. तेव्हा क्रिकेटमध्ये पायांना पॅड होते, हातांना मोजे होते, डोके मात्र उघडे! तीच नडगी आणि तेच नाक. प्लांटच्या मुखवट्याला तेव्हा सव्वादोन वर्षे होऊन गेली होती. एका खेळाने दुसऱ्याकडून पॅड घेतले. उलट दिशेने शहाणपण यायला मात्र फार उशीर लागला.

बर्फावरही उशीरच लागला. टेरी सॉचक हा त्या पिढीतला फार मोठा गोलरक्षक. १९६२ पर्यंत उघड्या तोंडाने खेळला. १९६६ साली 'लाइफ' मासिकाने रंगभूषाकाराकडून त्याच्या चेहऱ्यावरचे जुने व्रण रंगवून घेऊन त्याचे छायाचित्र छापले. त्याच्या तोंडावर जन्मभरात सुमारे चारशे टाके पडले होते. ते छायाचित्र पाहून ज्याला 'मर्दुमकी' हा शब्द सुचतो त्याने ते आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर कल्पून पाहावे. बॉस्टनच्या गेरी चीव्हर्सने तर याची थट्टाच केली: चकती मुखवट्यावर जिथे जिथे आपटे तिथे तिथे तो काळ्या रंगाने टाके रंगवून घेई. काही दिवसांत पांढरा मुखवटा टाक्यांनी भरून गेला. त्यातला एकेक टाका म्हणजे न झालेली एकेक जखम. युक्तिवाद करायची गरजच उरली नाही! तरीही राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये उघड्या तोंडाने शेवटचा गोलरक्षक खेळला तो एप्रिल १९७४ मध्ये, पिट्सबर्गचा अँडी ब्राउन. म्हणजे एवढी उघड गोष्ट सर्वांना पटायला प्लांटनंतर साडेचौदा वर्षे गेली.

शिवाय मुखवटा एकदा आला म्हणजे काम संपले, असेही नाही. १९७९ साली फिलाडेल्फियाचा बर्नी पेरंट याच्या मुखवट्याच्या डोळ्याच्या भोकातून प्रतिस्पर्ध्याच्या काठीचे टोक आत गेले. उजव्या डोळ्याला इजा झाली आणि दोन वेळा चषक जिंकून देणाऱ्या माणसाचा खेळ तिथेच संपला. त्यानंतर भोकांचे मुखवटे मागे पडत गेले आणि डोळ्यांपुढे तारेचा पिंजरा आला. १९८९ साली बफेलोच्या क्लिंट मॅलारचकची मान स्केटच्या पात्याने कापली. संघाच्या मदतनिसाने बोटांनी शीर दाबून धरली म्हणून तो जगला. मग गोलरक्षकांच्या गळ्यावर पट्टी आली. बाकीचे खेळाडू मात्र पुढेही उघड्या मानेने खेळत राहिले. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडात शेफील्डला अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू पात्याने मान कापून मरण पावला, तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या सर्व स्पर्धांत गळ्याचे कवच सक्तीचे केले. चौतीस वर्षे मध्ये गेली! माझ्या पुतणीच्या मुलीच्या अंगावर ज्या 'गाद्या' दिसतात त्यांतली एकेक अशी कुणाच्या तरी रक्ताची पावती आहे.

आता प्रतिपक्षाची एक बाजू मी टाळणार नाही, कारण तीत तथ्य आहे. गोलरक्षकाचा पोशाख अंग राखता राखता गोलही झाकू लागला, ही तक्रार खरी आहे. १९४०-५० च्या दशकात शिकागोचा एमिल फ्रान्सिस बेसबॉलमधला मोजा शिवून घेऊन आला. प्रतिपक्षाने आरडाओरडा केला, लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी तो चालवून घेतला, आणि चकती झेलण्याचे मोजे तेव्हापासून वाढतच गेले. केनेस्कीच्या बारा इंची पॅडांना लीगने १९२७ मध्येच कात्री लावून दहा इंच केले होते. १९८९ मध्ये ते पुन्हा बारा झाले. चामडे आणि केस जाऊन कृत्रिम चामडे आणि फोम आला, तसे वजन उतरले. आणि वजन उतरले की आकार वाढवायला कुणाचे काय जाते? १९८१-८२ च्या मोसमात दर सामन्याला दोन्ही संघ मिळून सुमारे आठ गोल होत. २००३-०४ मध्ये ते पाचावर आले. याला एकटा पोशाख जबाबदार नव्हता. उभे राहण्याची, गुडघ्यांवर बसण्याची पद्धत बदलली होती, बचावाचे डाव बदलले होते. पण पोशाखाचा वाटा होता, हे मान्य केले पाहिजे.

मान्य करूनही मी म्हणतो, मेहुण्यांचा निष्कर्ष चूक आहे. पोशाखाची कामे दोन. एक अंग राखणे, दुसरे गोल झाकणे. पहिल्यावर हसणे हा निष्ठुरपणा आहे. दुसऱ्याला आवर घालणे हा न्याय आहे. दोहोंची गल्लत करून 'गाद्या' म्हणून सगळेच निकालात काढणे हा आळस आहे. लीगने हा फरक हळूहळू ओळखला. २००५ मध्ये पॅड अकरा इंचांवर आणले, मोजे लहान केले. २०१३ मध्ये गुडघ्याच्या वर येणारी पॅडांची उंची ज्याच्या त्याच्या पायाच्या मापाने कमी केली. २०१८ मध्ये छातीचे कवच अंगाबरहुकूम बसवले. तेव्हा काही गोलरक्षकांनी, आता अंगावर वळ उठतात, अशी तक्रार केली. तीही ऐकली पाहिजे. कारण फितीने माप घेणारा अधिकारी गोलात उभा राहत नाही. नियम साधा असावा: ज्या इंचाने हाड वाचते तो इंच राहू द्या, ज्या इंचाने नुसती जागा अडते तो कापा. आणि शंका आली तर हाडाच्या बाजूने निकाल द्या.

एक प्रश्न मात्र मी उलट विचारतो. १९६०-७० च्या दशकात स्टॅन मिकिता आणि बॉबी हल यांनी काठीचे पाते वाकवले, फटका अधिक जोरकस आणि अधिक फसवा झाला. पुढे लाकूड जाऊन कृत्रिम धाग्यांच्या काठ्या आल्या. काठी वाकवणाऱ्याला, "सरळ काठीनं खेळ, मर्द असशील तर," असे कुणी म्हटले? मारणाऱ्याचे हत्यार सुधारले की ती कला. सोसणाऱ्याची ढाल सुधारली की ते थेर! हा न्याय केवळ खेळातला आहे असे मला वाटत नाही. घरात चुलीपाशी, कारखान्यात यंत्रापाशी, रस्त्यावर दुचाकीवर, जिथे जिथे कुणी आपले अंग राखायला जातो, तिथे तिथे कुणीतरी खुर्चीतून हसतो.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. आपल्या मैदानांवर जड चेंडूने खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर त्याच्या धैर्याचे कौतुक करू नका; ते विकत कोण घेणार याची चौकशी करा. ही साधने महाग असतात. गोलरक्षकाचा पूर्ण पोशाख तर तिकडेही सामान्य कुटुंबाला जड जातो. म्हणून संस्थांनी आणि शाळांनी चषकांवर खर्च करण्यापूर्वी तो यावर करावा. ज्याला उभे राहायचे आहे त्याला ढाल आधी द्या, माप मग घ्या, आणि टाळ्या सर्वांत शेवटी वाजवा.

अनार पेटवायला निघालेल्या नातवाला मेहुणे स्वतः सांगतात, "तोंड मागे घे रे, डोळे सांभाळ!" त्या वेळी त्यांना नातू भित्रा वाटत नाही. माझ्या पुतणीची मुलगी दर रविवारी सकाळी तेच करते. फरक इतकाच की, तिला तोंड मागे घेता येत नाही. ती गोल सोडून जाऊ शकत नाही.